पूजाच्या बाळंतपणाचा मान

शहापूर
९ जानेवारी २०२५

सौ. हौसाबाई देसले यांस,

नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहिण्याचं कारण सरळ आहे. फोन केला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता, आणि मग मी, तुम्ही, माझी मुलगी, तुमचा मुलगा आणि तुमच्या पडवीत बसलेली अर्धी धसई मिळून आपलं खासगी बोलणं करतो. पत्र तरी तुम्ही एकट्या वाचाल अशी आशा आहे.

काल पूजाने मला सांगितलं की सातव्या महिन्यात ती शहापूरला येणार नाही, बाळंतपण धसईलाच करायचं ठरलं आहे. 'ठरलं आहे' हे तिचे शब्द. कोणी ठरवलं ते ती बोलली नाही, आणि मला विचारायची कोणाला गरज वाटली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे तुमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असेल. मी इगतपुरीला नन्सच्या शाळेत शिकले, पाटबंधारे खात्यात जन्म काढला, सोवळंओवळं कधी मानलं नाही. पण ही रीत शहाणपणाची आहे म्हणून मी ती मानते. पूजा माझी एकुलती एक. तिचे वडील गेले तेव्हापासून या घरात एकही सण झालेला नाही. एवढं एक बाळंतपण माझ्या वाट्याला यायला हवं होतं.

तिचं दुखणं तिने लग्नाआधीच तुम्हाला सांगितलं होतं. मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणजे शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतं. कधी डोळा अधू होतो, कधी पाय जड होतो. अशा मुलीला तर आईच हवी. माझी तयारी झाली आहे. मागची खोली रिकामी केली. वारा लागू नये म्हणून दोन्ही खिडक्यांना प्लायवूड ठोकून घेतलं. नवी बाज विणून आणली, बाजेखाली ठेवायला शेगडी आणली, ओवा, शेपा, डिंक सगळं डब्यांत भरून ठेवलं. अंग चोळायला अंबूबाईला सांगितलं आहे. शेक आणि कढत पाणी यांत तिचा हात धरणारी तालुक्यात दुसरी नाही.

तेव्हा पूजाच्या डोक्यात हे ज्याने भरवलं असेल त्याने ते काढावं.

जाता जाता, परवा तुमच्या मोबाइलच्या स्टेटसवर फोटो पाहिला. तुम्ही तिच्या केसांना तेल लावताय आणि ती डोळे मिटून बसली आहे. माझ्याकडून तिने सातवीनंतर तेल लावून घेतलेलं नाही. असले फोटो गावाला दाखवायचे नसतात.

कुमुदिनी विशे


धसई
१९ जानेवारी

विहीणबाईंना हौसाचा रामराम.

अक्षर पोराचं, शेखरचं नाय, माझंच हाय. सातवी पास हाय मी. पत्र एकटीनंच वाचलं, गोठ्यात बसून.

मी पूजाच्या डोक्यात काय भरवलं नाय. ती आपणहून बोलली, "आये, मी इथंच राहते." मी बोलले, "गो, तुझी आई मला खाईल." तर बोलते, "खाऊ दे."

आता एक सांगते. ते तिनं तुमाला सांगितलेलं नाय, नि मलापण सांगू नको बोललीय. पण तुमी शेगडीचं लिवलंत म्हणून सांगावं लागतंय. गेल्या मे महिन्यात ती कढत पाण्यानं न्हाऊन आली नि दारातच बसली. डाव्या डोळ्यानं धुरकट दिसाया लागलं, पाय उचलेना. मला वाटलं नजर लागली. मी मिठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या धुरानं पोर अजून घाबरी झाली. शेखरनं तिला पंख्याखाली निजवून अंगावर गार फडकी टाकली, तवा कुठं ती माणसात आली. डॉक्टर बोलले, अंगात उष्णता चढली की या दुखण्यात असंच होतं. उतरली की परत ठीक होतं, पण तेवढ्यात पडली-झडली तर काय. म्हणून शेक नाय, शेगडी नाय, कोंडलेली खोली नाय. तुमच्या अंबूबाईला सांगा, हात धुऊन टाका.

तुमाला का नाय सांगितलं, ते पण मी विचारलं. बोलली, "मम्मी लगेच डॉक्टरशी भांडायला जाईल."

नि तेलाच्या फोटोचं काय घेऊन बसलात. दर रविवारी तुमी दोघी फोनवर तासतासभर इंग्रजीत बोलता. ती हसते. मी भाकऱ्या थापता थापता वळून बघते. दोन वर्षं झाली या घरात येऊन, माझ्याशी ती तशी हसलेली नाय.

हौसा


शहापूर
२ फेब्रुवारी

हौसाबाई,

म्हणजे मे महिन्यापासून तुम्हाला माहीत होतं. तुमच्या दाराशी माझी मुलगी आंधळी होऊन बसली, तुम्ही मिरच्या जाळल्यात, आणि मी इकडे रविवारी तिच्याशी टीव्हीवरच्या मालिकेबद्दल बोलत होते.

मी कल्याणला तिच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. भांडले नाही. विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठले नाही. तुम्हाला माहीत नसेल ते सांगते. या दुखण्यात बाळंतपण साधं होऊ शकतं, कळा सोसवल्या नाहीत तर पाठीत इंजेक्शनही देता येतं. पोटात बाळ असताना दुखणं बहुधा शांत राहतं. धोका नंतर आहे. बाळ झाल्यावर पहिले तीन महिने झटका येण्याची भीती जास्त. त्या काळात तिला झोप मिळायला हवी आणि धावपळ नको. औषध पुन्हा कधी सुरू करायचं आणि तोवर अंगावर पाजायचं का, ते डॉक्टर ठरवतील. हे सगळं मी लिहून आणलं आहे.

खिडक्यांचं प्लायवूड काढलं. शेगडी अंबूबाईच्या गळ्यात मारली. ती म्हणाली, बिनशेकाची बाळंतीण तिने जन्मात पाहिली नाही. मी म्हटलं, आता बघ. खोलीत एसी बसवला. न्हाणीघरात धरायला दांडा लावला, कमोड उंच करून घेतला. तुमच्याकडे दुपारी वीज जाते. संडास अंगणापलीकडे आहे. एप्रिल-मेमध्ये तुमच्या पत्र्याखाली भात शिजेल.

आता सांगा, मुलगी कुठे असावी? तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. माझं ऐकत नाही हे लिहिताना मला आनंद होत नाही.

कुमुदिनी विशे


धसई
१४ फेब्रुवारी

विहीणबाई,

एसी तुमी लावलात, आमी इन्व्हर्टर आणलाय. आमचे हे, धाकलू देसले, बोलले की म्हैस इकावी लागली तरी चालंल, पण विशेबाईंनी आपल्याला पत्र्याखाली भात शिजवणारी बोलायचं नाय. म्हैस इकली नाय. पडवीला वाळ्याच्या ताट्या बांधल्यात, त्यावर सकाळ-दुपार पाणी मारते. पूजाच्या खोलीला लागूनच नवीन संडास बांधून घेतला, कमोडचा. बाजारातल्या वेल्डिंगवाल्यानं खोलीपासून तिथपर्यंत भिंतीला लोखंडी पाइप लावलाय. म्हातारी सासू आमची, ती पण धरून जाते नि बोलते, "माझ्या वेळेला कुणी लावला नाय."

पोरीला मी काय सांगणार नाय. सांगितलं तर बोलंल, आयेनं मला हाकललं.

१६ मार्चला ओटी भरायची हाय. तुमी या. पाहुणी म्हणून नको, आई म्हणून या. त्या दिवशी समोरासमोर काय ते बोलू.

हौसा


शहापूर
२१ मार्च

हौसाबाई,

पूजाला काल हॉस्पिटलमधून तुमच्याकडे धसईला सोडलं. बाळ ठीक आहे. नवा झटका नव्हता, उष्णतेनेच पाय गेला आणि जीभ जड झाली, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचं हे म्हणणं तुम्हाला शेखरकडून कळलंच आहे. मला जे म्हणायचं आहे ते मी म्हणते.

मार्च महिन्यात भर दुपारी पत्र्याच्या मांडवात गावभरच्या बायका बोलावण्याची कल्पना तुमची. वाळ्याच्या ताट्या त्या दिवशी सोडून ठेवल्या होत्या, कारण बायकांना बसायला जागा हवी. तुम्ही ओटी भरलीत, तुमच्या जावांनी भरली. मग मी नारळ घेऊन पुढे झाले, आणि तुमच्या नणंदबाईंनी, बारकीबाईंनी, माझं मनगट धरलं. "तुमी नाय भरायची हो, धनी नाय ना तुमचा. माहेरच्या वतीनं आमची चुलत वहिनी भरंल."

माझ्या मुलीची ओटी माझ्या वतीने तुमची चुलत जाऊ भरणार. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही जमिनीकडे बघितलंत. मग म्हणालात, "चार बायका बोलतात तर जाऊ द्या ना." पहिलं बाळंतपण माहेराकडून काढून घेताना तुम्हाला या चार बायका आठवल्या नव्हत्या.

हो, मी नारळ सोडला नाही. हो, मी बोलले, आणि राग आल्यावर इंग्रजीत बोलले. तुम्हीही मग गप्प नव्हतात. "तुमाला रीत पायजे तेवढीच पायजे," असं सगळ्यांसमोर म्हणालात. आपण दोघी बोलत होतो आणि बारकीबाई आगीत तेल ओतत होत्या, तेवढा वेळ पूजा हिरवा शालू नेसून, फुलांचे दागिने घालून, त्या उकाड्यात पाटावर बसली होती. उठायला गेली आणि आडवी झाली. तिचं डोकं तुमच्या म्हाताऱ्या सासूने धरलं. आपल्यापैकी कोणी नाही.

एवढं झाल्यावर तिने धसईला राहावं असं तुम्ही म्हणणार असाल तर धन्य आहे. मी तिला न्यायला गाडी सांगितली आहे.

कुमुदिनी विशे


मुरबाड
३० मार्च

मम्मी आणि आये,

हे एकच पत्र दोघींना पाठवतेय, म्हणजे कोणाला आधी मिळालं यावर भांडण नको. तरी भांडालच. टाइप केलंय, कारण हाताला मुंग्या येतात. शेखरच्या ऑफिसमध्ये बसून प्रिंट काढली. तुमची पत्रं चालू असल्याचं मला पोस्टातल्या अनिलने सांगितलं. त्याला वाटलं, विहिणी-विहिणींचं एवढं प्रेम त्याने कुठे पाहिलं नाही.

मम्मी, तू पाठवलेली गाडी मी परत पाठवली. आये, मी धसईलाही राहणार नाही. शेखरने कल्याणला हॉस्पिटलजवळ तळमजल्यावर जागा घेतली आहे, एक खोली आणि स्वयंपाकघर. पुढच्या आठवड्यात आम्ही तिकडे जातोय.

त्या दिवशी पाटावर बसले असताना पाय बधिर होतोय हे मला कळत होतं. मी सांगितलं. पुन्हा सांगितलं. तुम्हा दोघींचे आवाज माझ्यापेक्षा मोठे होते. त्यात गंमत अशी की दोघी माझ्याबद्दलच बोलत होतात.

मला कळांची भीती नाही. नंतरच्या तीन महिन्यांची आहे. उद्या सकाळी उठेन तेव्हा बाळाचा चेहरा दिसेल की नाही, त्याला उचलताना हात साथ देईल की नाही, हे कोणी डॉक्टर लिहून देत नाही. शेखरला पंधरा दिवसांच्या वर रजा नाही. मला झोप पाहिजे. मी झोपलेली असताना बाळाला उचलणारं आणि काढून ठेवलेलं दूध पाजणारं एक माणूस पाहिजे. एसी आणि इन्व्हर्टर दोन्हींबद्दल थँक्स. ते बाळाला उचलत नाहीत.

जागा लहान आहे, एकच जण राहू शकेल. कोण ते दोघींनी मिळून ठरवा आणि मला एक नाव कळवा. मी निवडणार नाही. मी निवडलं तर दुसरीला जन्मभर लागेल, आणि ते सांभाळायची ताकद मला बाळासाठी ठेवायची आहे.

पूजा


धसई
१५ मे

विहीणबाई,

नाव काय आपण कळवलं नाय. तुमी मला लिवलं नाय, मी तुमाला लिवलं नाय. नि पोरीच्या कळा सुरू झाल्या त्या दिवशी दोघीपण कपड्यांच्या पिशव्या घेऊन हास्पिटलात हजर. बाकाच्या त्या टोकाला तुमी, या टोकाला मी, मधे शेखर. बिचारा कुणाचा चहा आधी आणावा म्हणून आणायलाच गेला नाय. शेवटी तुमीच उठून चहा प्यायला गेलात.

मी न सांगता निघून आले, तर तुमाला वाटलं असंल की रुसून गेली. रुसलेच. का ते सांगते.

तुमी चहाला गेलात तवा नर्सबाई बोलल्या, एका बाईला आत सोडते. मी गेले. पोरीनं माझा हात धरला, असा की दोन बांगड्या फुटल्या. मला वाटलं, आता माझी झाली. नि ती ओरडाया लागली, "मम्मी, मम्मी." मी बोलले, "मी हाय ना गो, आये हाय." ती बोलली, "मम्मीला बोलवा." तुमी परत आलात तवा मी दारात उभी होते नि बोलले, "आत जा, मला बसवत नाय." माझी कंबर धरली असं तुमाला वाटलं. कंबर चांगली हाय माझी.

दोन वर्षं मी तिचं सगळं केलं. पाय जड झाला तर चेपला, जेवण हातात दिलं. नि खऱ्या वेळेला तिच्या तोंडात तुमचं नाव. मग मी तिथं राहून काय करू? तुमी रहा. तिला तुमीच पायजे.

नातीला बघितलं मी काचेतून. नाक वर करून झोपलीय, तुमच्यावर गेलीय.

नाचणीचं पीठ नि गावठी अंडी शेखरसंगं पाठवलीत. अंडी तुमी खात नाय ते ठाऊक हाय, ती पोरीला द्या. फोन मी करीन, पण तिला. तुमाला नाय.

हौसा


कल्याण
२४ जून

हौसाबाई,

हे पत्र मी शेखरच्या हाती देते आहे. तो तुम्हाला आणायला येतोय. काय ते तो तोंडाने सांगेल, पण मी बोलावलं आहे हे त्याच्याकडून ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून लिहिते.

पूजाला झटका आला आहे. डावा डोळा हलवला की दुखतो आणि त्या डोळ्याने मधलं काही दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. आजपासून तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड देणार आहेत. नजर परत येईल म्हणतात. किती येईल ते सांगत नाहीत. आज मी डॉक्टरांशी भांडले, लपवत नाही. काही उपयोग झाला नाही.

नात चांगली आहे. बाटलीचं दूध माझ्या हातून पिते आणि पिऊन झाल्यावर माझ्याकडे असं बघते की जणू मी तिचा पगार अडवला आहे. पूजाला मी एकदाही झोपेतून उठू दिलेलं नाही. सहा आठवडे मी सगळं त्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे केलं. तरी झटका आलाच. दोष कोणाचा नाही असं ते म्हणतात. मला कोणाचा तरी असता तर बरं वाटलं असतं.

आता जे लिहायला मी बसले आहे ते. डोळ्याचं मला परवा कळलं. तिला चार दिवसांपासून होतं. त्या चार दिवसांत ती माझ्यासमोर पेपर हातात धरून बसायची. माझ्याशी इंग्रजीत गप्पा मारायची, हसायची. तुम्ही लिहिलं होतंत ना, ती माझ्याशी हसते म्हणून. रविवारी मी बाळाचे कपडे वाळत घालून आत आले तर खोलीचं दार लोटलेलं होतं आणि ती तुमच्याशी फोनवर बोलत होती. रडत होती. "आये, मला दिसत नाय गो. मम्मीला सांगू नको, ती खचंल." तुमच्या बोलीत. माझ्या मुलीला तुमची बोली इतकी येते हे मला ठाऊक नव्हतं. मी तिथेच रिकामी बादली हातात घेऊन उभी राहिले. एक दिवस मी वाट पाहिली, की ती मला सांगेल. नाही सांगितलं. शेवटी मीच विचारलं.

तुम्हाला वाटतं की कळांच्या वेळी तिने मला बोलावलं म्हणजे मी जिंकले. माझा नवरा गेला तेव्हापासून ही मुलगी माझ्यासमोर बरी असल्याचं सोंग करते आहे. मी समोर असेपर्यंत तिला उभं राहावंच लागतं. चांगल्या दिवसांत ते तिला जमतं. आता तिच्यात तेवढी ताकद नाही, आणि डॉक्टर म्हणतात की ताकद राखायची आहे. तुमच्यापुढे तिला काही करावं लागत नाही. ती नुसती आजारी पडू शकते. मी फार शिकलेली बाई आहे, पण हे तिला माझ्यापाशी कधी करता आलं नाही, आणि ते मला एका रात्रीत शिकताही येणार नाही.

मला याचा मत्सर वाटतो. कमी झालेला नाही. तुम्ही दारातून आत आलात आणि तिचा चेहरा बदलला की वाढेल, तेव्हा मी दोन दिवस तुमच्याशी नीट बोलले नाही तर मनावर घेऊ नका. तिसऱ्या दिवशी बोलेन.

भाताची लावणी तोंडावर आली आहे हे मला माहीत आहे. व्याह्यांना सांगा, यंदा मजूर लावा. जागा एकीचीच आहे, पण मी स्वयंपाकघरात गादी टाकली आहे. ती माझी. बाळ माझ्याकडे राहील, त्याच्या दुधाचं मला जमतं. तुम्ही पूजाजवळ झोपा. येताना खोबरेल तेल आणा, इथलं तिला आवडत नाही. पातळं जास्त आणू नका, वाळत घालायला जागा नाही.

ती रडायला लागली की दार लावून घेत जा. मी बाहेर आहे हे तिला कळू देऊ नका.

कुमुदिनी